दोन्ही थड्या भरून वाहणारं पाणी

आमच्या गावाखाली वर्धा नदीत आजोबांच्या वेळी उन्हाळाभर डांगरवाड्या लागायच्या, पाय भाजतील अशी मोकळी पांढरी रेती असायची. आता तिथंच बेशरम माजली, मधात बाभळी मनगटाएवढ्या झाल्या अन् पाणी एका कडेच्या चरातून जाते. वर धरण झालं म्हणून नदी आटली असं सगळे म्हणतात, पण धार तर मार्चमध्येही असते थोडीफार, मग पात्र का बुजून राहिलं?

कारण पात्र धारेनं टिकत नाही, पुरानं टिकते. दरवर्षी दोन्ही थड्या भरून पाणी गेलं की कोवळी झुडपं उपटून जातात, रेती पुढं सरकते, डोह खरवडले जातात. धरण नेमकं तेच पाणी पोटात घेते, रेतीही वरच अडते, अन् खालच्या झुडपाला दोन-तीन वर्षं निवांत मिळाली की मग ते साध्या पुराला जुमानत नाही.

हे आकड्यात मांडायची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६० मध्ये वोलमन आणि मिलर या दोघा नदी-अभ्यासकांनी दाखवलं की शंभर वर्षांतून येणाऱ्या महापुरापेक्षा दर वर्षा-दोन वर्षांनी येणारा मध्यम पूर मिळून जास्त गाळ वाहून नेतो, पात्राचा आकार तोच घडवतो. लिओपोल्ड या तिसऱ्या अभ्यासकासोबत त्यांचंच १९६४ चं पुस्तक आलं आणि थडीभर पाणी साधारण दीड वर्षातून एकदा येते हे माप रूढ झालं. (आपल्याकडं ते जसंच्या तसं लावू नये, पुण्याचे नदी-अभ्यासक विश्वास काळे यांनी नर्मदा-तापीचा अभ्यास करून दाखवलं की इथं मोठे पूरही पात्रावर फार काम करतात.)

पण किती पाणी सोडायचं हा प्रश्न खरा पेटला तो कोर्टात. अमेरिकेतल्या १८९७ च्या वन कायद्यात जंगलं राखायची ती लाकडासाठी आणि नद्यांचा प्रवाह चांगला राहावा यासाठी, असं लिहिलेलं होतं. १९७८ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या मिंब्रेस नदीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं मासे, सौंदर्य, करमणूक यासाठी वनखात्याचा पाण्यावर हक्क नाही असं सांगितलं, मग खात्यानं म्हटलं ठीक, पण पात्रच राहिलं नाही तर प्रवाह चांगला राहील कसा? तेव्हापासून पात्र राखणारं पाणी मोजून सिद्ध करायची धडपड सुरू झाली. कोलोरॅडो राज्याच्या जल न्यायालयानं १९९३ मध्ये तो दावा फेटाळला, तरी अभ्यास थांबला नाही आणि २००४ मध्ये वनखात्यानं गोटे-खडीच्या नद्यांसाठी पद्धत छापली, दीड वर्षातून एकदा येणाऱ्या पुराच्या ८० टक्क्यांपासून पुढचं पाणी जाऊ द्या, वर २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापर्यंत. आपल्या रेतीच्या नद्यांत रेती कमी पाण्यातही हलते, त्यामुळं इथं वेगळं मोजावं लागेल. मधात १९९६ ला ग्लेन कॅन्यन धरणातून सात दिवस ४५ हजार क्यूसेक सोडून कोलोरॅडो नदीचे वाळूचे काठ पुन्हा बांधायचा प्रयोगही झाला.

भारतात गंगेसाठी ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे, हरिद्वारच्या वरच्या भागात हिवाळ्यात महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, पावसाळ्यात ३० टक्के. चांगलं पाऊल आहे, मी मनापासून म्हणतो. पण ३० टक्क्यांत धार राहते, थडी भरत नाही, अन् बाभळीला त्यानं काही होत नाही.

मोजायला जाणारा माणूस आधी थडी पाहतो, रेतीचा थर कुठवर चढला, पक्की झाडं कुठून सुरू होतात, सपाटी कुठं लागते. आमची आजी तेच घाटावर पाहायची, पोळ्याच्या आत वरून तिसरी पायरी बुडाली की म्हणायची, नदी धुऊन निघाली. यंदा पोळ्याला मी घाटावर गेलो होतो, पाणी त्या पायरीच्या सात पायऱ्या खाली होतं अन् मधल्या पायऱ्यांवर गवत उगवलेलं.