पाणबुडीला वर यावेच लागे: अटलांटिकची लढाई मे 1943 मध्ये कशी फिरली

दुसऱ्या महायुद्धातल्या निर्णायक लढाया म्हटल्या की स्टालिनग्राड, मिडवे, नॉर्मंडी ही नावे लगेच पुढे येतात. अटलांटिक महासागरातली लढाई मागे पडते. ती सप्टेंबर 1939 पासून मे 1945 पर्यंत अखंड चालली आणि तिला ठरावीक रणांगण नव्हते. पण अमेरिकेतून येणारे धान्य, तेल आणि दारूगोळा ब्रिटनला पोहोचला नसता, तर नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

या लढाईचे पारडे फिरले ते जेमतेम दोन महिन्यांत. मार्च 1943 मध्ये एचएक्स 229 आणि एससी 122 या दोन ताफ्यांतली 22 व्यापारी जहाजे जर्मन पाणबुड्यांनी बुडवली. बदल्यात गमावली फक्त एक पाणबुडी. मे महिन्यात मात्र जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या आणि 24 मे रोजी जर्मन नौदलाचा प्रमुख अ‍ॅडमिरल कार्ल ड्योनिट्झने उत्तर अटलांटिकमधून त्या मागे घेतल्या. हे कशाने झाले, हे कळण्यासाठी आधी पाणबुडीची मर्यादा समजून घ्यायला हवी.

जर्मनीची मुख्य पाणबुडी होती टाइप 7-सी, लांबी 67 मीटर. पृष्ठभागावर डिझेल इंजिनांवर तिचा वेग सुमारे 17 नॉट, म्हणजे ताशी 31 किलोमीटर. डिझेलला हवा लागते, म्हणून बुडी मारली की सगळा भार बॅटरीवर. पाण्याखाली ती साडेसात नॉटने जेमतेम तासभर पळू शके. 4 नॉटने गेली तर 80 सागरी मैल. मग बॅटरी भरायला वर यावेच लागे. थोडक्यात, ती गरजेपुरती बुडणारी नौका होती. व्यापारी ताफा 7 ते 10 नॉटने चाले. म्हणजे पाणबुडीला नुसते पाण्याखाली जायला भाग पाडले, तरी ती ताफ्याच्या मागे पडे. ती बुडवलीच पाहिजे असे नव्हते.

दुसरी मर्यादा बोलण्याची. ड्योनिट्झच्या पाणबुड्या झुंडीने हल्ला करत. एकीला ताफा दिसला की ती रेडिओवरून कळवी, मुख्यालय बाकीच्यांना तिकडे वळवी आणि सगळ्या मिळून रात्री पृष्ठभागावरूनच ताफ्यात घुसत. संदेश सांकेतिक आणि काही सेकंदांचाच असे, त्यामुळे त्याचा माग लागणार नाही अशी जर्मनांची खात्री होती. पण ब्रिटिशांच्या ‘हफ-डफ’ यंत्राला तेवढे पुरे होत असे. एकमेकींना छेदणाऱ्या अँटेनांवर आलेला संदेश कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर क्षणात रेघ उमटवी आणि त्या रेघेवरून दिशा कळे. दोन जहाजांनी दोन ठिकाणांहून दिशा घेतली की रेघा जिथे छेदतात तिथे पाणबुडी. संरक्षक जहाज त्या दिशेने धावले की तिला बुडी मारावी लागे आणि तिचा त्या रात्रीचा हल्ला तिथेच संपे.

एनिग्मा या जर्मन संकेतयंत्राच्या संदेशांची ब्रिटिशांनी केलेली उकल बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी ते डिसेंबर 1942 या काळात, जर्मनांनी यंत्राला चौथे चक्र जोडल्यामुळे, ही उकल बंद पडली होती, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. तिकडे जर्मनही 1943 च्या मध्यापर्यंत ब्रिटिश ताफ्यांचे संदेश वाचत होते. त्यामुळे संकेतभेदाचे श्रेय मोठे असले, तरी नुसत्या त्यावर ही लढाई जिंकली गेली नाही.

रात्री पृष्ठभागावर आलेली पाणबुडी दिसणार कशी? पाण्यात ध्वनीचे स्पंद सोडून प्रतिध्वनी ऐकणारे ‘अ‍ॅस्डिक’ इथे निरुपयोगी ठरे. रडार होते, पण सुरुवातीच्या विमानांवरच्या रडारची तरंगलांबी दीड मीटर होती. अँटेनाच्या आकाराच्या मानाने तरंगलांबी जितकी लहान, तितका झोत अरुंद. 70 सेंटिमीटरच्या थाळीतून 10 सेंटिमीटरच्या लहरी सोडल्या तर झोत साधारण 8 अंशांचा मिळतो. दीड मीटरच्या लहरींना तोच झोत हवा असेल तर अँटेना दहा मीटरहून मोठी लागेल, आणि ती विमानाच्या नाकात बसवता येत नाही. आखूड लहरी निर्माण करणे जमत होते. अडचण होती ती पुरेशा शक्तीची.

ती अडचण 21 फेब्रुवारी 1940 रोजी बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी सोडवली. त्यांच्या कॅव्हिटी मॅग्नेट्रॉनची रचना अशी: तांब्याच्या जाड ठोकळ्यात मध्ये एक पोकळी, तिच्याभोवती सहा गोल भोके, आणि प्रत्येक भोक एका फटीने मधल्या पोकळीला जोडलेले. मधोमध तापलेला कॅथोड. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन तांब्याकडे सरळ धावू पाहतात, पण चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवते आणि ते फटींसमोरून फिरत जातात. बाटलीच्या तोंडावरून फुंकर मारल्यावर आतली हवा घुमते, तशी प्रत्येक भोकातली विद्युतचुंबकीय कंपने घुमू लागतात. किती वेगाने घुमायचे हे भोकाच्या मापावर ठरते. पहिल्याच यंत्राने 9.8 सेंटिमीटरला सुमारे 400 वॅट शक्ती दिली, आणि काही महिन्यांत ती अनेक किलोवॅटवर गेली. आज घरोघरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्येही मॅग्नेट्रॉनच असतो.

1941 पासून हे रडार ‘टाइप 271’ या नावाने लहान संरक्षक जहाजांवर बसू लागले. विमानांवर ते मार्च 1943 मध्ये मोठ्या प्रमाणावर आले आणि तेव्हा एक जुना डावही उलटला. दीड मीटरच्या रडारची चाहूल देणारा ‘मेटॉक्स’ रिसीव्हर जर्मनांनी 1942 मध्येच पाणबुड्यांवर लावला होता. 10 सेंटिमीटरच्या लहरी त्याला ऐकूच येत नसत. एवढे करूनही शेवटच्या मैलभरात लाटांच्या परावर्तनात पाणबुडी हरवे. तिथे विमानावर बसवलेला ‘ली लाइट’ हा प्रखर शोधदीप पेटवायचा, की शेवटचे अंतर डोळ्यांनी पार करता येई.

आता हल्ल्याची बाजू. इथले गणित निष्ठुर होते. जहाज अ‍ॅस्डिकच्या आधारे पाणबुडीवर धावून जाई, पण जवळ आल्यावर ती झोताच्या खाली जाई आणि संपर्क शेवटच्या 180 मीटरच्या आसपास तुटे. 15 नॉटने ते अंतर कापायला 23 सेकंद. मग जहाजाच्या मागच्या टोकावरून टाकलेला डेप्थ चार्ज, म्हणजे ठरवलेल्या खोलीवर फुटणारा बॉम्ब, सेकंदाला साधारण 3 मीटर बुडे. 100 मीटर खोलीला आणखी 33 सेकंद. या जवळपास मिनिटभरात 6 नॉटने पळणारी पाणबुडी दीडशे मीटरांहून अधिक सरकलेली असे. डेप्थ चार्ज कवच फोडतो तो सहा-सात मीटरच्या आतच. शिवाय स्फोटांनी ढवळलेल्या पाण्यात अ‍ॅस्डिक बराच वेळ काम देत नसे. सुमारे 60 हल्ल्यांमागे एक पाणबुडी, असे प्रमाण युद्धानंतर निघाले.

‘हेजहॉग’ने ही अडचण मुळातच काढली. जहाजाच्या पुढच्या बाजूने 24 छोटे बॉम्ब, संपर्क तुटण्याआधीच, समोर फेकायचे. ते कवचाला लागले तरच फुटत. नेम चुकला तर स्फोट नाही, म्हणजे पाणी शांत आणि अ‍ॅस्डिक चालू. सुरुवातीला नौसैनिकांना हे शस्त्र आवडले नाही, कारण धमाका ऐकू येत नसे. पण त्याचे प्रमाण निघाले 6 हल्ल्यांमागे एक पाणबुडी.

विमानांच्या बाबतीत सुधारणा याहूनही स्वस्त होती. त्यांचे डेप्थ चार्ज 100 फुटांवर फुटतील असे लावलेले असत. विमान दिसताच पाणबुडी तेवढी खोल जाईल, असा समज. भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटात ई. जे. विल्यम्स यांनी आकडे तपासले. खोल गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला ठाऊकच नसते, त्यामुळे तो बॉम्ब वाया जातो. नेम बसण्याची शक्यता असते ती नुकत्याच बुडी मारणाऱ्या, अजून दिसणाऱ्या पाणबुडीवर, आणि तिच्या खूप खाली स्फोट होऊन काहीच होत नाही. खोली 25 फुटांवर आणली आणि यश कित्येक पटींनी वाढले. नवे शस्त्र नाही, नवा खर्च नाही. याच गटाने दाखवले की सरासरी 32 जहाजांच्या ताफ्यात 2.5 टक्के जहाजे बुडत, तर 54 जहाजांच्या ताफ्यात 1.1 टक्के, कारण ताफा वाढतो तितका त्याचा परीघ वाढत नाही. माझ्या मते या लढाईतले सर्वांत देखणे विज्ञान हेच. ब्लॅकेट यांनीच पुढे स्वतंत्र भारताच्या संरक्षण संशोधनाबाबत नेहरूंना सल्ला दिला.

ही साधने मार्चपर्यंत सुटी सुटी होती. महासागराच्या मध्यावर विमाने पोहोचत नव्हती. वाढीव टाक्या बसवलेली लांब पल्ल्याची लिबरेटर विमाने मोजकीच होती. ती वाढली आणि छोट्या विमानवाहू नौकांची जोड मिळाली, तेव्हा तो मोकळा पट्टा बुजला. मेच्या सुरुवातीला ओएनएस 5 या ताफ्यावर चाळीसच्या आसपास पाणबुड्या तुटून पडल्या आणि त्याची 13 जहाजे गेली. पण 5 मेच्या संध्याकाळी धुके उतरले. पाणबुड्या आंधळ्या झाल्या, संरक्षक जहाजांचे 10 सेंटिमीटर रडार मात्र धुक्यातून पाहत होते. त्या लढाईत 6 पाणबुड्या बुडाल्या. त्याच महिन्यात एससी 130 या ताफ्याने एकही जहाज गमावले नाही.

ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो भारतीय खलाशी होते. मुंबईहून भरती होणाऱ्यांत रत्नागिरी आणि कोकण किनाऱ्यावरचे लोक डेकवर, तर गोव्याचे लोक खानपान विभागात. टॉर्पेडो लागला की इंजिनघरातल्यांना वर येण्याची संधी फारच कमी असे. या युद्धाच्या मराठी आठवणीत ही माणसे जवळजवळ नाहीत, हे खटकते.

जर्मनांनी आपली चूक अचूक ओळखली होती. उत्तर म्हणून आलेल्या टाइप 21 पाणबुडीत तिपटीने मोठी बॅटरी होती आणि पाण्याखाली तिचा वेग 17 नॉट होता, म्हणजे बहुतेक ताफ्यांपेक्षा जास्त. पण तिचे आठ भाग निरनिराळ्या कारखान्यांत बनत आणि जोडताना ते नीट जुळत नसत. शंभराहून अधिक बांधल्या गेल्या, तरी युद्धगस्तीवर निघू शकल्या फक्त दोन. पहिली, यू-2511, 1945 च्या एप्रिल-मेच्या सुमारास नॉर्वेतल्या बर्गन बंदरातून निघाली. 4 मे रोजी युद्धबंदीचा आदेश आला.