पाकिटातल्या त्या सात गोळ्या

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या 'माला-एन' या पाळणा लांबवायच्या गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. 21 पांढऱ्या आणि शेवटच्या सात गडद रंगाच्या. शेजारच्या वहिनी परवा त्या सातांवर बोट ठेवून विचारत होत्या, "ताई, डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या वेगळ्या दिल्यात. ह्यापण लोहाच्याच ना? मग ह्या घेऊ की त्या? आणि लोहानं पाळणा लांबवायच्या गोळीचा गुण तर जात नाही?"

शेवटची शंका आधी. गुण जात नाही. लोह काही औषधांना आतड्यात चिकटून बसतं आणि त्यांना रक्तात शिरू देत नाही. थायरॉइडची गोळी, टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही त्यातली नेहमीची. पांढऱ्या गोळीतले लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल हे हार्मोन मात्र लोहाच्या असे तावडीत सापडत नाहीत. या गोळीचा गुण खरोखर घालवतं ते क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारखी औषधं. ती चालू असतील तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

आता त्या सात गोळ्या. एकेका गोळीत 60 मिलिग्रॅम फेरस फ्युमरेट असतं. आकडा मोठा वाटतो, पण त्यातलं निव्वळ लोह साधारण 20 मिलिग्रॅमच. सातांचं मिळून 140, आणि त्यातलं ढोबळमानाने दहा टक्के जरी अंगी लागलं तरी महिन्याला 14 मिलिग्रॅम. एक मिलिलिटर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे पाळीत 40 मिलिलिटर रक्त गेलं तर 20 मिलिग्रॅम लोह गेलं. पांढऱ्या गोळ्यांमुळे अंगावरून कमी जातं, बऱ्याच जणींचं जवळपास निम्म्यावर येतं. त्यामुळे मला तर वाटतं, इथे रक्त वाचवण्याचं मोठं काम पांढऱ्या गोळ्याच करतात. (तांबी बसवल्यावर उलट होतं, पाळीत जास्त जातं.)

ज्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलंय, तिची तूट एवढ्याने भरत नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणून वहिनींना सांगितलं, डॉक्टरांनी दिलेली गोळी सोडू नका. पाकिटातल्या सात गोळ्यांच्या दिवसांत दोन्ही घ्यायच्या का, एवढं त्यांनाच विचारा.

मळमळीचं मात्र सांभाळायला हवं. लोहाने पोटात ढवळतं, आणि पांढरी गोळी घेतल्यापासून दोन-तीन तासांत उलटी झाली तर ती वाया गेली असं धरून दुसरी घ्यावी लागते. पांढरी रात्री जेवणानंतर आणि लोहाची दिवसा, असं वाटून घेतलं की बरं पडतं. लोहाची गोळी चहासोबत नको, चहा लोह शोषू देत नाही. लिंबूपाण्यासोबत घेतली तर जास्त अंगी लागते. शौचाला काळं झालं तर घाबरू नये, ते न शोषलेलं लोह असतं.

वहिनींनी मग हळूच सांगितलं, की मळमळतं म्हणून त्या गडद गोळ्या त्या टाकूनच देतात. गर्भ राहण्याच्या दृष्टीने त्याने काही बिघडत नाही, त्यांत हार्मोन नसतोच. पण त्यांचं एक काम आहे, रोज गोळी घ्यायची सवय मोडू न देण्याचं. त्या फेकल्या की सात दिवस बोटांवर मोजावे लागतात. कुणी पाहुणे आले, कुणाचं लग्न निघालं की सातचे नऊ होतात, आणि तेवढ्या उशिरात बीजकोश पुन्हा जागे होऊ शकतात. म्हणून आम्ही कॅलेंडर काढलं आणि पुढच्या पाकिटातली पहिली पांढरी गोळी ज्या दिवशी येते, त्या तारखेभोवती पेनाने गोल केला. मंगळवार होता.