नालासोपाऱ्याला जाण्याआधी : मुंबईच्या वेशीवरील एका कामगार शहराची पार्श्वभूमी

कोकणातल्या एखाद्या वाडीत ‘तो मुंबईला असतो’ असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्याचा पत्ता विचारला तर तो आज बऱ्याचदा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेरचा निघतो. दिवा, डोंबिवली, बदलापूर, विरार ही नावे त्यात येतात आणि नालासोपाऱ्याचे नाव तर वारंवार येते. दोन पिढ्यांपूर्वी हाच पत्ता लालबाग, परळ, शिवडी किंवा गिरगाव असा असे. लग्नकार्यासाठी, औषधपाण्यासाठी किंवा मुलाच्या नोकरीच्या खटपटीसाठी गावाकडून येणारा पाहुणा नालासोपाऱ्यात उतरतो, तेव्हा त्याला रिक्षांची रांग, एकमेकींना खेटलेल्या इमारती आणि विरार लोकलची गर्दी एवढेच दिसते, आणि हे शहर काल-परवा कुठून तरी उगवले असावे असा त्याचा समज होतो. हा समज निम्माच खरा आहे. इमारती अलीकडच्या असल्या तरी गाव या किनाऱ्यावरील सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी एक आहे.

स्टेशनच्या पश्चिमेला असलेले सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. अपरान्ताचे, म्हणजे उत्तर कोकणाचे, हे प्रमुख नगर आणि बंदर मानले जाते. महाभारतात आणि बौद्ध कथांत त्याचा उल्लेख आहे, तसाच तो प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या भूगोलातही आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली, तेव्हा आत विटांचा स्तूप, दगडी पेटी आणि त्या पेटीत एकात एक ठेवलेले धातूंचे व स्फटिकाचे करंडक सापडले. करंडकांभोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती मांडलेल्या होत्या आणि सोबत एक सातवाहनकालीन चांदीचे नाणेही होते. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा येथे मिळाला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशोकाचे शब्द दगडात मिळालेले हे एकमेव ठिकाण आहे. स्तूप आजही पाहता येतो, पण त्यातील ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. खाडी गाळाने भरत गेली, तसे बंदराचे महत्त्व ठाणे, वसई आणि शेवटी मुंबईकडे सरकले. एका काळी जे कोकणचे मुख्य नगर होते, ते अशा रीतीने दुसऱ्या राजधानीचा परीघ झाले.

मधल्या काळाचा इतिहास वसईच्या नावाने सांगितला जातो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, हे शाळेतल्या पुस्तकात येतेच. आजच्या शहराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, या काळात पश्चिमेकडील पट्ट्यात वाड्यांची शेती स्थिर झाली. सामवेदी आणि वाडवळ समाजांतील ख्रिस्ती व हिंदू शेतकरी, किनाऱ्यावरचे कोळी आणि पूर्वेच्या डोंगरपायथ्याचे आदिवासी ही येथील मूळ वस्ती होय. विहीर, बावखल (वाडीतले तळे) आणि पाटाच्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुले पिकवून ती मुंबईच्या बाजारात पाठवणे हा येथील जुना व्यवसाय, आणि वसईची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, त्यातूनच नावारूपाला आली. मुंबईला वसईकडून प्रथम माल मिळत होता. माणसे मुंबईतून इकडे राहायला येण्याची गोष्ट त्यानंतरची.

ही देवाणघेवाण वाढवली ती रेल्वेने. बी. बी. अँड सी. आय. (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) रेल्वे कंपनीची उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते बॅकबे अशी सुरू झाली आणि तेव्हा दिवसाला जाणारी एक व येणारी एक अशी तिची व्यवस्था होती. विद्युत गाड्या १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत पोहोचल्या. म्हणजे वस्ती वाढण्याच्या कितीतरी आधी रूळ तयार होते. रस्त्याची परिस्थिती मात्र वेगळी होती. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये वसईची खाडी आडवी येते, आणि मोटारीने ती ओलांडायची तर घोडबंदरजवळच्या महामार्गाच्या पुलाकडे वळसा घ्यावा लागे. त्यामुळे वसई-विरारकरांचे मुंबईशी नाते रेल्वेचेच राहिले, आणि गाडी बंद पडली की ते तुटते.

स्वातंत्र्यानंतर बृहन्मुंबईची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये उत्तरेकडे सरकली आणि दहिसरला थांबली. या हद्दीच्या आत घरे का महागली याचा हिशेब लांबलचक आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण भाड्याच्या नव्या चाळी बांधणे मालकाला परवडेनासे झाले आणि पागडीचा, म्हणजे खोलीसाठी एकरकमी पैसे घेण्याचा, व्यवहार रूढ झाला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू गरिबांसाठी जमीन मोकळी करण्याचा होता, पण प्रत्यक्षात बरीचशी जमीन सवलतीच्या अर्जांत आणि खटल्यांत अडकून पडली. परिणामी पगारदार कामगाराला विकत घेता येईल असे घर दहिसरच्या पलीकडेच उरले. मीरा-भाईंदर आधी भरले आणि त्यानंतर खाडीपलीकडची पाळी आली.

येथे कोकणच्या चाकरमान्याची कथा या शहराच्या कथेत मिसळते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून गिरणीत गेलेला माणूस परळ-लालबागच्या चाळीत, अनेकदा गावकऱ्यांच्या मंडळाच्या सामायिक खोलीत पाठ टेकत असे, खानावळीत जेवत असे आणि कुटुंब गावी ठेवत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपाची अधिकृत अखेर झालीच नाही, पण अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर आणि मॉल उभे राहिले. ज्यांना देणी मिळाली, त्यांच्यापैकी कित्येकांनी ती रक्कम आणि चाळीतील खोली विकून आलेले पैसे एकत्र करून विरार-नालासोपाऱ्यात ओनरशिपचा ब्लॉक घेतला. गावी राहिलेले कुटुंब आता बरोबर आले. गिरणगावात पुरुषांची असलेली कोकणी वस्ती येथे प्रथमच बायकामुलांसह संसाराची झाली. या बदलाविषयी संपाच्या चर्चेत फारसे बोलले जात नाही, पण माझ्या मते नालासोपाऱ्याचे खरे वेगळेपण तेथेच आहे.

कोकणी माणूस येथे एकटा नव्हता. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, गुजरात येथून आलेले मजूर, फेरीवाले आणि कारागीर, तसेच झोपडपट्टीतून किंवा भाड्याच्या खोलीतून उठावे लागलेले मुंबईकर याच सुमारास येथे येत होते. सगळेच काही रोज चर्चगेटला जात नव्हते. पूर्वेला महामार्गाच्या दिशेने वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांत लहान कारखान्यांचे गाळे उभे राहिले होते आणि प्लास्टिक, सुटे भाग, पॅकिंग अशा कामांवर तेथे बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत. संतोष भुवन, बिलालपाडा, धानीव बाग या पूर्वेकडील चाळवस्त्या या कामाशी बांधलेल्या आहेत. शहराला केवळ झोपायला येण्याचे ठिकाण म्हणणारे लोक बहुधा स्टेशनच्या पश्चिमेलाच उतरलेले असतात.

आता नियोजनाकडे वळू, कारण येथील बहुतेक तक्रारींचे मूळ त्याच्या कालक्रमात आहे. १९८८ मध्ये राज्य शासनाने वसई तालुक्यातील मोठे हरित क्षेत्र नागरीकरणासाठी खुले केले. त्याला विरोध करण्यासाठी स्थानिक शेतकऱ्यांची हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे प्रमुख नेते होते, आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. हिरवा पट्टा, गोडे पाणी आणि जमीनमाफियांची दहशत हे चळवळीचे विषय होते, आणि पश्चिमेकडे आज ज्या वाड्या दिसतात त्या टिकण्यात या चळवळीचा वाटा मोठा आहे. १९९० मध्ये सिडकोची, म्हणजे राज्य शासनाच्या शहर विकास महामंडळाची, विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. वसई-विरार उपप्रदेशाच्या विकास आराखड्याला शासनाची मंजुरी मात्र २००७ मध्ये मिळाली. मधल्या सतरा वर्षांत लोक राहायला येण्याचे थांबणार नव्हते आणि थांबलेही नाहीत.

या सतरा वर्षांत घरे कशी विकली गेली, हे समजून घेतल्याशिवाय आजचे नालासोपारा समजत नाही. सातबारा एकाच्या नावावर, कुलमुखत्यारपत्र दुसऱ्याकडे आणि बांधणारा तिसराच, अशी साखळी सर्वत्र असे. काही इमारतींना बिगरशेती परवानगी नसे, काहींना ती असली तरी मंजुरीपेक्षा मजले जास्त असत, आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, ही वस्तू घेणाऱ्याने पाहिलेली नसे. चाळीतली खोली तर स्टँप पेपरवरच हाती पडे. बँकेचे कर्ज अशा घराला मिळत नसल्याने सोने, भविष्यनिर्वाह निधी आणि नातेवाइकांची उसनवारी यांतून पैसा उभा राहत असे. घेणाऱ्याला हे कळत नसे असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याला ते पुरेपूर कळत असे, पण त्याच्या ऐपतीत कायदेशीर पर्याय कोणी ठेवलेलाच नव्हता.

या व्यवहाराची किंमत आता वसूल होत आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२४-२५ मध्ये त्या पाडण्यात आल्या आणि हजारो माणसे बेघर झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला एका निवासी इमारतीचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. पहिल्या घटनेत यंत्रणा आली ती माणसे वर्षानुवर्षे राहिल्यानंतर. दुसऱ्या घटनेत ती येण्याआधीच छप्पर खाली आले.

पाण्याचा इतिहासही याच क्रमाने घडला. पापडखिंड, पेल्हार आणि उसगाव ही जवळची धरणे लहान होती. नव्या इमारतींची तहान पश्चिमेकडील गावांच्या विहिरींतून भरलेल्या टँकरने भागवली जाऊ लागली. विहिरी खाऱ्या होतील म्हणून गावकऱ्यांनी टँकर अडवले आणि त्यातून मोठे संघर्ष झाले. त्यानंतर सूर्या नदीवरील धामणी धरणाचे पाणी आणले गेले. हे धरण मुळात डहाणू-पालघरकडील आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी बांधले होते, त्यामुळे शहराची तहान भागली तेव्हा कोणाच्या शेताचा पाट आटला, हा प्रश्न उभा राहिला आणि तो आजही मिटलेला नाही. एमएमआरडीएच्या (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) दैनिक ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत वसई-विरारचा वाटा १८५ दशलक्ष लिटरचा असून २०२३ च्या अखेरीस तिचे पाणी शहराला मिळू लागले. पावसाळ्यात मात्र नेमके उलटे संकट असते. मिठागरे आणि पाणथळ जागा भरावाने बुजत गेल्यामुळे पाण्याला खाडीकडे जाण्याची वाट उरली नाही आणि जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्टेशनचे रूळच पाण्याखाली गेले.

प्रशासन सर्वांत शेवटी आले. वसई, नालासोपारा, विरार आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी, विशेषतः पश्चिमेच्या हरित पट्ट्यातील गावांनी, तिला कडवा विरोध केला. २९ गावे वगळण्याचा वाद तर पुढे अनेक वर्षे न्यायालयात रेंगाळला. २००१ मध्ये चारही नगरपरिषदांची मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या आत होती आणि २०११ मध्ये नव्या, विस्तारलेल्या हद्दीत ती सुमारे १२ लाख २२ हजार भरली. १ ऑगस्ट २०१४ पासून हे शहर ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेले. २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. एवढ्या लोकवस्तीच्या शहराला इतका काळ नगरसेवक नसणे ही गंभीर गोष्ट होती, पण मुंबईच्या वृत्तपत्रांत तिला मुंबईच्या बातम्यांइतकी जागा मिळाली नाही.

पाहुण्याने येथे येताना स्टेशनच्या दोन्ही बाजू पाहाव्यात. पश्चिमेला सोपाऱ्याचा स्तूप, चक्रेश्वराचे तळे आणि पुढे निर्मळ, कळंब, राजोडीच्या वाड्या व किनारा आहे, तर पूर्वेला गाळे, चाळी आणि तुंगारेश्वरच्या पायथ्यापर्यंत चढत गेलेली वस्ती आहे. गावाकडून येणाऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण तिच्या मुंबईच्या गाड्या ठाणे-दादरच्या बाजूने जात असल्याने पश्चिम उपनगरांतील चाकरमान्याला सामान-सुमानासह दादर, ठाणे किंवा पनवेल गाठावे लागे. वसई-दिवा-पनवेल मार्ग अस्तित्वात असूनही वसईमार्गे वांद्रे-मडगाव गाडी सुरू व्हायला २९ ऑगस्ट २०२४ हा दिवस उजाडावा लागला, आणि तीही सुरू झाली ती आठवड्यातून दोनच दिवस. गणपतीच्या आधी नालासोपारा आणि विरारहून सुटणाऱ्या एसटीच्या जादा गाड्यांचे आरक्षण त्यामुळे अजूनही लगेच भरते.