कामगार न्यायालयात वकील: समोरच्याच्या संमतीची अट आली कुठून?

नोकरीवरून काढलेल्या कामगाराला कामगार न्यायालयात वकील उभा करायचा असेल, तर ज्याने काढलं त्याच मालकाची संमती लागते. मालकाला वकील द्यायचा असेल, तर कामगाराची. त्यावर न्यायालयाची परवानगी लागते ती वेगळीच. दिवाणी कोर्टाची सवय असलेल्याला हे चमत्कारिक वाटतं. पण ही अट मुळात कामगाराच्या भल्यासाठी घातलेली होती.

तिचं मूळ 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, कलम 36 मध्ये आहे. त्या काळी औद्योगिक वाद म्हटला की पगार, महागाई भत्ता, बोनस असा अख्ख्या कारखान्याचा प्रश्न असायचा आणि मालकासमोर युनियन उभी असायची. वाद चिघळू न देता लवकर मिटवायचा, हा कायद्याचा हेतू. म्हणून समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवू पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर, वकिलाला सरसकट बंदी. न्यायाधिकरणात आणि कामगार न्यायालयात मात्र दुसऱ्या पक्षाची संमती आणि न्यायालयाची परवानगी, दोन्ही असतील तरच वकील. मालकाला नामांकित वकील परवडतो, कामगाराला परवडत नाही; मग निदान दोघांनीही वकिलाशिवाय यावं, असा हा हिशोब होता. कामगाराच्या वतीने नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारी बोलणार. स्थायी आदेश (कारखान्यातले नोकरीचे नियम), हजेरीपट, जुने करार तोंडपाठ असलेले असे पदाधिकारी तेव्हा होते. पुराव्याच्या कामात ते भल्याभल्या वकिलांना भारी पडत.

पण त्याच कलमात मालकालाही आपल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यामार्फत बाजू मांडायची मुभा होती. मग हा पदाधिकारीच वकील असला तर? कंपनीच्या कायदा अधिकाऱ्याचं काय? आणि बाहेरच्या वकिलाला नुसतं मुखत्यारपत्र देऊन पाठवलं तर? हे प्रश्न ओडिशातल्या पारादीप पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापुढे आले. 1976 च्या त्या निकालाने रेषा आखून दिली. युनियनचा किंवा मालक संघटनेचा खराखुरा पदाधिकारी वकील असला तरी पदाधिकारी म्हणून तो उभा राहू शकतो. कंपनीच्या पगारावर, तिच्या नियंत्रणाखाली असलेला आणि वकिली न करणारा अधिकारीही चालेल. व्यवसाय करणारा वकील मात्र केवळ मुखत्यारपत्राच्या जोरावर आत येऊ शकत नाही. त्याला संमती आणि परवानगी दोन्ही लागणारच.

माझ्या मते या निकालाने कायद्याचा अर्थ बरोबर लावला, पण व्यवहारात फायदा मोठ्या मालकाचा झाला. पगारी कायदा अधिकारी ठेवणं त्याला जड नाही. एकट्या कामगाराला तशी वाट कुठे आहे?

रोजच्या कामकाजात हा सगळा प्रश्न एका तारखेवर येऊन ठरतो. कंपनीचा वकील वकीलपत्र दाखल करतो. हरकत घ्यायची तर ती तेव्हाच, लेखी घ्यावी लागते. हे माहीत नसलेला कामगार गप्प बसतो. कंपनीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दाखल होते, तारखा पडत जातात, उलटतपासणी सुरू होते. पुढे कधीतरी कुणीतरी त्याला कलम 36 सांगतं आणि तो अर्ज देतो, तेव्हा उत्तर मिळतं की इतके दिवस हरकत नव्हती, म्हणजे संमती होतीच. अशी गर्भित संमती अनेक उच्च न्यायालयांनी ग्राह्य धरली आहे. ज्याच्या संरक्षणासाठी अट आहे, त्याचंच मौन त्याच्याविरुद्ध जातं.

कारखान्याच्या आतल्या खातेनिहाय चौकशीचा प्रवास थोडा वेगळा झाला. तिथे वकील मिळण्याचा सरसकट हक्क नाही. पण बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की व्यवस्थापनाची बाजू कायद्याची जाणकार माणसं मांडत असताना कर्मचाऱ्याला वकील नाकारणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही. समोर कोण उभं आहे ते पाहून निर्णय घेण्याची ही दृष्टी मला कलम 36 च्या अटीपेक्षा जास्त न्याय्य वाटते.

दरम्यान वादाचं रूपच बदललं. 1965 मध्ये कलम 2अ आलं आणि एकट्या कामगाराची बडतर्फीही, युनियन पाठीशी नसली तरी, औद्योगिक वाद मानली जाऊ लागली. 2010 च्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करून 45 दिवस उलटल्यावर, सरकारने वाद पाठवण्याची वाट न पाहता, थेट कामगार न्यायालयात जाता येऊ लागलं. दार उघडलं, हे चांगलंच झालं. पण आत येणाऱ्या माणसामागे आता बहुतेकदा युनियनच नसते. त्यामुळे युनियन गृहीत धरून घातलेली अट त्याच्याच वाटेत आडवी येते.

वकिलांची बाजूही आहे. 1961 च्या वकील कायद्यातलं कलम 30 सर्व न्यायालयांत आणि न्यायाधिकरणांत वकिली करण्याचा हक्क देतं. ते तब्बल अर्धशतक कागदावरच राहिलं आणि 15 जून 2011 पासून अंमलात आलं. तेव्हापासून कलम 36 ची अट टिकते का, हा वाद पेटला. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारादीपच्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

आणि त्याच्या तीन वर्षं आधी संसदेने 1947 च्या कायद्याची जागा घेणारी औद्योगिक संबंध संहिता 2020 मंजूर केली होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. कामगार न्यायालयाऐवजी न्यायिक आणि प्रशासकीय अशा दोन सदस्यांचं न्यायाधिकरण तिने आणलं. वकिलासाठी दुसऱ्या पक्षाच्या संमतीची अट मात्र तिने जशीच्या तशी ठेवली.