दशमांश, अर्पण आणि दानधर्म : मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील दानाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत फिरणाऱ्या थैलीत पडते ते अर्पण, मिळकतीतून ठरवून काढलेला दहावा हिस्सा तो दशमांश, आणि गरजूच्या हातावर ठेवलेली मदत तो दानधर्म. बोलण्यात हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि मंडळीतील पैशाविषयीचे बरेच वाद तेथूनच सुरू होतात.

सर्वाधिक ओढाताण दशमांशाची झाली आहे. बायबलच्या जुन्या करारातील ‘गणना’ या पुस्तकात तो लेव्यांच्या, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाच्या, निर्वाहासाठी आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात मात्र दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खाऊ घालण्याची आज्ञा आहे, तर मलाखी या संदेष्ट्याच्या पुस्तकात तो मंदिराच्या भांडारात आणायचा आहे. दशमांशावरील उपदेशात मलाखीचाच आधार अधिक घेतला जातो. त्यामुळे भांडार लक्षात राहते आणि विधवा मागे पडते. नव्या करारात मंडळ्यांवर दहाव्या हिश्शाचे बंधन घातलेले नाही. पौलाने करिंथ येथील मंडळीला ज्याने त्याने आपल्या मिळकतीच्या मानाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी काही बाजूला ठेवण्यास सांगितले, तेही यरुशलेमेतील बांधवांसाठी.

अहमदनगरला अमेरिकन मिशनचे काम १८३१ साली सुरू झाले. १८५४-५५ मध्ये अमेरिकेहून आलेल्या शिष्टमंडळाने गावोगावच्या मंडळ्या, देशी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि स्वावलंबन यांवर भर दिला. तत्त्व योग्यच होते. पण पुढे खेड्यांतून मंडळीत आलेल्यांत महार कुटुंबे मोठ्या संख्येने होती. गावकीची कामे करून सुगीला खळ्यावर बलुते घेणे हा त्यांचा हक्क होता, तरी तो हात पसरूनच मिळे. त्याच हातांनी आता पाळकाच्या निर्वाहासाठी द्यायचे होते. घेणारे देणारे झाले, ही गोष्ट मला पगाराच्या हिशेबापेक्षा फार मोठी वाटते. सुगीच्या उपकारस्तुतीला धान्य, भाजी, कोंबडी अर्पण करायची आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव करायचा, ही रीत अनेक मंडळ्यांत आजही टिकून आहे.

१८७६-७८ च्या आणि शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत परदेशातून मदत आली, अनाथ मुलांना आसरा मिळाला. त्याच वेळी दान बाहेरूनच यायचे असते, अशी सवयही लागली.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या देखरेखीखाली आले. १९६१ च्या आयकर कायद्यातील, देणगीवर करसवलत देणाऱ्या ८०जी कलमाने धार्मिक खर्च आणि धर्मादाय खर्च वेगळे केले. सवलतपात्र संस्थेला धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च करता येतो. म्हणजे मंडळी ज्याला एकच दान समजत आली, त्याचे कायद्याने दोन भाग केले. परकीय देणग्यांच्या कायद्यातील (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीने अशी देणगी एका संस्थेने दुसरीकडे वळवण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. वरच्या संस्थेकडून येणाऱ्या परकीय पैशावर चालणाऱ्या लहान मंडळ्यांना पाळकाचा पगार आणि गरीब फंड हे दोन्ही आता स्थानिक थैलीतूनच भागवावे लागतात.