भाषेचे मूल्यमापन आणि ८५ चा उंबरठा

संवादकौशल्यांचे मूल्यमापन हा वाचा व भाषा उपचारांचा पहिला टप्पा आहे. पण त्यात नेमके काय मोजायचे आणि त्या मोजमापाच्या आधारे उपचार कोणाला द्यायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे गेल्या शतकभरात अनेकदा बदलली आहेत. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे परिणाम मुलांना थेट भोगावे लागले, म्हणून या टिपणाचा भर त्यावर, विशेषतः अशाब्दिक बुद्ध्यंक (शब्दांवाचून, चित्रे-आकृत्यांच्या आधारे मोजलेला बुद्ध्यंक) किमान ८५ हवा या अटीवर आहे.

सुरुवात प्रौढ रुग्णांपासून झाली. १८६१ मध्ये पॅरिसमधील एका शल्यचिकित्सकाने, जवळजवळ एकच अक्षर उच्चारू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतील इजा दाखवून दिली, तर १८७४ मध्ये आकलन बिघडलेले पण बोलणे अस्खलित असलेल्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यामुळे अभिव्यक्ती आणि आकलन वेगवेगळे तपासण्याची रीत पडली आणि ती आजतागायत टिकून आहे. मुलांच्या बाबतीत मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तपासणीचा रोख मुख्यतः उच्चार आणि तोतरेपणा यांवरच होता.

१९५९ मध्ये आलेल्या एका चित्र-शब्दसंग्रह चाचणीने हे चित्र बदलले. या चाचणीत पानावर चार चित्रे असतात. तपासनीस एक शब्द उच्चारतो आणि मूल त्या शब्दाला जुळणाऱ्या चित्रावर बोट ठेवते. शब्द क्रमाने कठीण होत जातात आणि चुका ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की चाचणी थांबवली जाते. मग कच्चे गुण तक्त्यात पाहून त्यांचे मुलाच्या वयानुसार प्रमाणित गुणांत रूपांतर होते, ज्यांची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) १५ असते. मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही आणि थोड्या वेळात एक आकडा हाती येतो, त्यामुळे अशा चाचण्या झपाट्याने पसरल्या. मुलाला ओळखू येणाऱ्या शब्दांची संख्या आणि त्या शब्दांनी आपले म्हणणे मांडण्याची क्षमता यांतील अंतर मात्र या आकड्यात दिसत नाही.

दुसरी वाट मुलाच्या सहज बोलण्याचा नमुना घेण्याची होती. खेळताना किंवा गप्पा मारताना केलेले ध्वनिमुद्रण शब्दशः उतरवून घ्यायचे आणि प्रत्येक उक्तीत किती अर्थपूर्ण घटक आले ते मोजून सरासरी काढायची, या पद्धतीला १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन मुलांच्या दीर्घकालीन निरीक्षणावर आधारलेल्या अभ्यासामुळे मोठी प्रतिष्ठा मिळाली. ही मोजणी इंग्रजीच्या रचनेवर बेतलेली होती. ज्या भाषांत एकाच शब्दाला लिंग, वचन आणि विभक्ती असे सगळे चिकटते, तिथे घटक कसे मोजायचे हे नव्याने ठरवावे लागते. शिवाय काही मिनिटांचे बोलणे उतरवून त्याचे विश्लेषण करायला कित्येक पटींनी अधिक वेळ लागतो. त्यामुळे ही पद्धत अधिक सांगून जाणारी असूनही गर्दीच्या दवाखान्यांत मागे पडली.

प्रौढांच्या क्षेत्रात याच सुमारास दृष्टी अधिक व्यापक झाली होती. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये पक्षाघातानंतरच्या रुग्णांसाठी दैनंदिन संवादातील ४५ वर्तनांची एक मापनश्रेणी तयार झाली आणि १९८० मध्ये डॉक्टरकडे जाणे, फोन करणे अशा प्रसंगांवर आधारलेली चाचणी आली. वाक्य व्याकरणशुद्ध आहे का, यापेक्षा निरोप पोहोचला का, हे तिथे महत्त्वाचे ठरले.

मुलांच्या बाबतीत मात्र नेमक्या याच काळात एक अरुंद निकष पक्का झाला. संशोधकांना भाषेची अडचण असलेली, पण बाकी सर्व दृष्टींनी 'सामान्य' असलेली मुले अभ्यासासाठी हवी होती, म्हणजे अडचणीचे कारण भाषेतच शोधता आले असते. १९८१ मध्ये अशा मुलांच्या निवडीचे निकष प्रसिद्ध झाले: श्रवण ठीक हवे, मज्जासंस्थेचा आजार नको, तीव्र भावनिक समस्या नकोत आणि अशाब्दिक बुद्ध्यंक किमान ८५ हवा. उपचारतज्ज्ञांनी भाषादोष आहे म्हणून पाठवलेल्या मुलांना हे निकष लावले तेव्हा जवळपास एक-तृतीयांश मुलेच त्यांत बसली आणि अनेकांना केवळ बुद्ध्यंकामुळे वगळावे लागले. प्रत्यक्ष उपचारांची गरज ज्यांनी ओळखली होती त्यांच्या निर्णयापासून हे निकष किती दूर होते, ते इथेच दिसायला हवे होते.

संशोधनापुरता असा निकष समजण्यासारखा आहे. पण तो तिथे थांबला नाही. भाषेचे गुण बुद्ध्यंकाशी ताडून पाहायचे आणि दोहोंत पुरेशी तफावत असेल तरच उपचार द्यायचे, अशी रीत शाळांच्या आणि सेवांच्या पात्रता-नियमांत रुजली. तिचा अर्थ सरळ होता: ज्या मुलाची भाषा आणि अशाब्दिक क्षमता दोन्ही मागे आहेत, त्याची भाषा त्याच्या कुवतीइतकीच आहे, म्हणून त्याला मदतीची गरज नाही. व्यवहारात यामुळे अशाब्दिक चाचणीत ८६ गुण मिळवणारे मूल दाराच्या आत आणि ८४ मिळवणारे बाहेर राहिले. इतका फरक तर त्याच मुलाच्या दोन दिवसांच्या गुणांतही पडू शकतो. ८५ हा आकडा निसर्गातला नव्हे, तक्त्यातला आहे. सरासरीपासून एक प्रमाण विचलन खाली आखलेली ही रेघ असून सामान्य वितरणात सुमारे १६ टक्के व्यक्ती तिच्या खालीच असतात.

या गृहीतकाविरुद्ध पुरावे हळूहळू जमत गेले. १९९० च्या दशकात असे दिसले, की ८५ पेक्षा कमी बुद्ध्यंक असलेल्या मुलांनाही व्याकरणविषयक उपचारांचा इतरांइतकाच लाभ होतो. २००५ च्या एका दीर्घकालीन अभ्यासात भाषादोष असलेल्या मुलांचा अशाब्दिक बुद्ध्यंक ७ ते १४ वर्षांच्या दरम्यान सरासरी २० हून अधिक गुणांनी घसरला, म्हणजे सातव्या वर्षी 'पात्र' ठरलेले मूल चौदाव्या वर्षी तीच अडचण घेऊन अपात्र ठरू शकत होते. २०१६ मध्ये इंग्लंडमधील शाळाप्रवेशाच्या वयाच्या मुलांच्या पाहणीत बुद्ध्यंक ७० ते ८५ असलेल्या आणि त्याहून अधिक असलेल्या भाषादोषी मुलांत भाषेच्या अडचणीची तीव्रता, वर्तन आणि शालेय प्रगती या बाबतींत लक्षणीय फरक आढळला नाही. याच पाहणीत अन्य ज्ञात कारणाशिवाय असलेल्या भाषादोषाचे प्रमाण साडेसात टक्क्यांच्या आसपास निघाले. हा दोष असा दुर्मीळ नसल्याने रेघ कुठे आखायची हा प्रश्न फार मोठ्या संख्येच्या मुलांशी निगडित होता.

२०१६ आणि २०१७ मध्ये सहा इंग्रजीभाषक देशांतील तज्ज्ञांनी फेऱ्याफेऱ्यांनी मते घेऊन सहमती घडवली. बौद्धिक अक्षमता असल्यास भाषेच्या अडचणीची नोंद तिच्यासोबत करायची, पण केवळ अशाब्दिक गुण कमी आहेत म्हणून विकासात्मक भाषादोषाचे निदान नाकारायचे नाही आणि रोजच्या जगण्यावर, शिकण्यावर होणारा परिणाम निदानाचा भाग मानायचा, असे ठरले. यामुळे अभ्यासातील गट फार मिश्र होतील, अशी हरकत काही संशोधकांनी घेतली आणि ती पूर्णपणे निराधार नाही; पण गट एकजिनसी राखण्याची गरज संशोधकाची असते, तिची किंमत मुलाने मोजावी हे पटणारे नाही.

प्रमाणित गुणांवरचा विश्वास दुसऱ्या बाजूनेही ढासळत होता. १९८४ मध्ये शाळापूर्व वयाच्या ३० चाचण्या १० मानसमापन निकषांवर (चाचणी कितपत विश्वासार्ह आहे हे ठरवणाऱ्या कसोट्यांवर) तपासल्या गेल्या, तेव्हा बहुतेकांना त्यांतले मोजकेच निकष गाठता आले. २००६ मध्ये ४३ चाचण्यांच्या पुस्तिका पडताळल्या असता 'गुण कमी म्हणजे भाषादोष' या समजुतीला अनेक चाचण्यांत आधारच मिळाला नाही, कारण दोष असलेली मुले दरवेळी तळाशी येत नव्हती. बोलीभाषा आणि बहुभाषिकता यांचा प्रश्न तर त्याहून जुना. १९७९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात घरची बोली लक्षात न घेता मुलांना शिकवल्याबद्दल न्यायालयाने शाळा-प्रशासनाला दोषी धरले. त्या खटल्यातील काही मुलांवर शिकण्यातील अक्षमतेचा शिक्का बसलेला होता. त्यानंतर 'वेगळी भाषा' आणि 'बिघडलेली भाषा' यांत भेद करणे ही मूल्यमापन करणाऱ्याची जबाबदारी मानली जाऊ लागली. १९९० च्या दशकात आधी तपासा, मग शिकवा आणि पुन्हा तपासा, ही पद्धत पुढे आली. तिच्यात आज किती येते याऐवजी थोडी मदत मिळाल्यावर मूल किती लवकर शिकते हे पाहिले जाते. ज्या मुलाला चाचणीतले शब्द कधी ऐकायलाच मिळाले नव्हते, ते बहुधा पटकन पुढे सरकते. निरर्थक शब्द ऐकून तसेच म्हणून दाखवण्याच्या चाचणीमागेही हाच विचार होता, कारण तिथे आधीच्या शब्दसंग्रहाचा फायदा तुलनेने कमी मिळतो. भाषेच्या ध्वनिरचनेपासून तीही पूर्णपणे मुक्त नाही.

सध्याच्या पद्धतीत प्रमाणित चाचणी, बोलण्याचा नमुना, पालक आणि शिक्षकांची माहिती व प्रत्यक्ष निरीक्षण या सर्वांचा मेळ घातला जातो. अशाब्दिक चाचणी अजूनही केली जाते, पण तिचा उपयोग मुलाला दाराबाहेर ठेवण्यासाठी न करता उपचारांत चित्रे, खुणा किंवा लेखी आधार कितपत वापरता येईल हे ठरवण्यासाठी करावा, अशी अपेक्षा आहे. पात्रतेच्या नियमांतून तफावतीची अट मात्र सगळीकडून गेलेली नाही आणि जिथे ती उरली आहे तिथे सहमतीनंतरही निर्णय त्या जुन्या आकड्यावरच होतात.