हेंड्रिक्सच्या तारा उलट्या नव्हत्या हो!

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स डावखुरा, म्हणून उजव्या हाताची गिटार उलटी धरायचा आणि तारासुद्धा तशाच उलट्या ठेवून वाजवायचा, हे किती वर्षं ऐकतोय. अर्धंच खरंय. गिटार उलटीच असायची, पण तारा काढून तो परत आपल्या हाताप्रमाणे लावायचा, म्हणजे जाड तार वरच. १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातल्या त्याच्या पांढऱ्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा फोटो झूम करून बघा ना, व्हॉल्यूमची बटणं वरच्या बाजूला, पण जाड तार अंगठ्याकडेच. फक्त तिरका पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) उलटा झाल्यामुळे जाड तारा जरा टोकदार वाजायच्या आणि बारीक तारा मऊ, खरी गंमत तिथे आहे. तारा न बदलता वाजवणारे गिटारवादक वेगळे, अल्बर्ट किंग आणि डिक डेल. त्यांचं क्रेडिट उगाच हेंड्रिक्सच्या खात्यात!